टपालाचे दर बदलले. आपलं पाकीट नेमकं कितीने महागलं?

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या दोन नोटिसा घेऊन मी पोस्टात गेले होते. एक पुण्यातच राहणाऱ्या सभासदाला, दुसरी नागपूरला मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांना. दोन्ही पाकिटं अगदी सारखी. आत तीन-तीन कागद, वजन १९ ग्रॅम. पुण्यातल्या नोटिशीचा हिशेब झाला २८ रुपये ३२ पैसे आणि नागपूरच्या नोटिशीचा ६१ रुपये ३६ पैसे. दोन महिन्यांपूर्वी रजिस्टर पोस्टाने यातलं कुठलंही पाकीट पोचपावतीचे पैसे सोडून २५ रुपये ९६ पैशांत गेलं असतं.

रांगेत माझ्या मागे एक तरुण मुलगा नोकरीचे अर्ज घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "काकू, पोस्ट दुप्पट महाग झालंय का?" त्याला तिथे उभ्याउभ्या नीट उत्तर देता आलं नाही. काही पाकिटं दुपटीहून महागली आहेत, काही जेमतेम दोन रुपयांनी, आणि काही चक्क स्वस्त झाली आहेत. कोणतं पाकीट कशात बसतं हे एकदा समजलं की खर्च आटोक्यात ठेवता येतो. पहिल्यांदाच संस्थेचं, दुकानाचं किंवा घरचं टपाल सांभाळणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी काय बदललं ते समजून घ्या

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन झाली. त्यानंतर महिन्याभराने, १ ऑक्टोबर २०२५ पासून, स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. त्याआधीचे दर ऑक्टोबर २०१२ चे होते, म्हणजे तेरा वर्षं तेच चालले होते.

कागदपत्रांसाठी नवे दर असे आहेत. यात १८ टक्के जीएसटी धरलेला नाही.

५० ग्रॅमपर्यंत: शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेर देशात कुठेही ४७ रुपये.

५१ ते २५० ग्रॅम: शहरात २४, २०० किलोमीटरपर्यंत ५९, २०१ ते ५०० किलोमीटर ६३, ५०१ ते १००० किलोमीटर ६८, १००१ ते २००० किलोमीटर ७२, त्यापुढे ७७ रुपये.

२५१ ते ५०० ग्रॅम: शहरात २८, पुढे अंतराच्या त्याच टप्प्यांनी ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३ रुपये.

पाकीट फक्त त्याच व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती पडावं, असं हवं असेल तर आता स्पीड पोस्टावरच 'नोंदणी' घ्यायची. त्याचे ५ रुपये जास्त, अधिक जीएसटी. ओटीपी सांगितल्यावरच बटवडा व्हावा असं हवं असेल तर त्याचेही ५ रुपये वेगळे, अधिक जीएसटी. जुनं 'रजिस्टर करा' म्हणजे आता 'स्पीड पोस्ट, नोंदणीसह'. खिडकीवर असंच सांगा. नुसतं "स्पीड पोस्ट" म्हणालात तर नोंदणी लागत नाही, आणि कायदेशीर नोटिशीच्या बाबतीत ते पुढे नडू शकतं.

साध्या टपालाला यातलं काहीच लागू नाही. साधं पाकीट दर २० ग्रॅमला ५ रुपये, आंतरदेशीय पत्र अडीच रुपये आणि पोस्टकार्ड ५० पैसे. हे दर होते तिथेच आहेत. पोस्ट महागलं म्हणून मंडळाच्या बैठकीचं पन्नास पैशांचं कार्ड पाठवणं बंद केलेले लोक मला माहीत आहेत. तसं करायचं काही कारण नाही.

फटका कुणाला बसला, फायदा कुणाला झाला

नवीन माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. बातमीत '३५ चे ४७ झाले' एवढंच छापून येतं. ते खरं आहे, पण फक्त ५० ग्रॅमच्या आतल्या, बाहेरगावच्या पाकिटापुरतं.

वजनाचा टप्पाही बदलला आहे, याकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही. पूर्वी ५१ ते २०० ग्रॅम आणि २०१ ते ५०० ग्रॅम असे टप्पे होते. आता मधली रेघ २०० वरून २५० वर गेली. समजा, तुमच्याकडे २३० ग्रॅमचा कागदांचा गठ्ठा आहे. पूर्वी तो वरच्या टप्प्यात मोजला जायचा आणि शहरात त्याला ३० रुपये पडायचे. आता तो खालच्या टप्प्यात आला आणि २४ रुपयांत जातो. पुण्याहून दिल्लीला पाठवायचा तर पूर्वी ८० रुपये, आता ७२. पुण्याहून नागपूरला मात्र ६० चे ६८ झाले. एकाच गठ्ठ्याला अंतराप्रमाणे तीन वेगवेगळे निकाल मिळतात.

रजिस्टर करणाऱ्यांचंही तसंच. हलकं पाकीट आणि बाहेरगाव, हा सगळ्यात मोठा फटका: २५.९६ वरून थेट ६१.३६. हलकं पाकीट आणि शहरातल्या शहरात: २५.९६ वरून २८.३२, म्हणजे सव्वादोन रुपयांच्या आसपास वाढ. आणि जड पाकीट असेल तर वाढ जवळजवळ नाहीच. जुन्या रजिस्टरात १७ रुपये नोंदणी आणि वर दर २० ग्रॅमला ५ रुपये लागायचे. त्या हिशेबाने २०० ग्रॅमचं पाकीट करासह ७९ रुपये ६ पैशांना पडायचं. आज तेच पाकीट पुण्याहून नांदेडला स्पीड पोस्टाने नोंदणीसह ८० रुपये २४ पैशांत जातं, आणि पूर्वीपेक्षा लवकर पोचतं.

म्हणून पहिलं काम हे करा: गेल्या सहा महिन्यांच्या पावत्या काढा आणि त्यांचे तीन ढीग करा. शहरातलं, बाहेरगावचं हलकं आणि बाहेरगावचं जड. पैसे वाचवण्याचं काम बहुतेक मधल्याच ढिगात करायचं असतं.

वजन घरीच करा

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. हलक्या वस्तूंना हे काटे एखाद्या ग्रॅमने चुकतात, म्हणून सारखी पाकिटं असतील तर दहा एकदम ठेवा आणि दहाने भागा.

काटा नसेल तर कागदांवरून अंदाज येतो. नेहमीचा ७५ जीएसएमचा ए-फोर कागद पावणेपाच ग्रॅमच्या जरा आत भरतो. ८० जीएसएमचा बरोबर पाच. लांब लिफाफा साधारण पाच ग्रॅमचा धरा. म्हणजे तीन कागद आणि लिफाफा मिळून १९ ग्रॅम झाले, साध्या टपालाच्या पाच रुपयांत बसले. चौथा कागद घातलात की २४ ग्रॅम आणि दहा रुपये. दोन्ही बाजूंनी छपाई करा, एवढ्यावर संस्थेचं साधं टपाल निम्म्या खर्चात जातं. आमच्या वार्षिक सभेची सूचना आणि हिशेब मिळून सहा पानं होतात. पूर्वी ती सहा कागदांवर जायची, आता तीनवर जातात.

स्पीड पोस्टात ५० ग्रॅमची रेघ सगळ्यात महत्त्वाची आहे. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट नागपूरला करासह ५५ रुपये ४६ पैशांत जातं. ५१ ग्रॅम झाले की ८० रुपये २४ पैसे. एका ग्रॅमसाठी जवळपास पंचवीस रुपये! त्यामुळे पाकीट ५० ते ६० ग्रॅमच्या मध्ये आलं की थांबा आणि आत काय आहे ते पाहा. बहुतेक वेळा तिथे प्लास्टिकचा पारदर्शक फोल्डर असतो. मी एकदा वजन केलं तर नुसता फोल्डर २२ ग्रॅम भरला. कागद भिजू नयेत म्हणून तो घालतात. पातळ प्लास्टिकची पिशवी तेच काम दोन-तीन ग्रॅममध्ये करते. मोठं जाड पिवळं पाकीट, आत पुठ्ठा, कोऱ्या कागदावर 'सोबत जोडले आहे' एवढंच लिहिलेलं पत्र, स्पायरल बाइंडिंग, हे सगळं वजनच. कागद तीन घड्या घालून चालणार असतील तर लांब लिफाफ्यात घाला. मूळ प्रमाणपत्राला मात्र घडी घालू नका, तिथे जास्तीचे पैसे गेले तर जाऊ द्या.

याच्या उलटही एक गोष्ट आहे. एकाच पत्त्यावर ४० ग्रॅमची दोन पाकिटं एकाच आठवड्यात जाणार असतील, तर ती एकत्र पाठवा. नागपूरची दोन वेगळी पाकिटं ११० रुपये ९२ पैशांना पडतात, आणि एकच ८० ग्रॅमचं ८० रुपये २४ पैशांना.

लग्नपत्रिका: तिकीट कमी लावलं तर भुर्दंड घेणाऱ्याला

हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते. घरातल्या एका लग्नाच्या पत्रिका आम्ही रात्री बसून पाकिटात भरल्या. आत पत्रिका, अक्षतांची पुडी, वर गणपतीचं स्टिकर. प्रत्येकीवर पाच रुपयांचं तिकीट लावलं आणि सकाळी पेटीत टाकल्या. वजन करून पाहायचं कुणालाच सुचलं नाही. पत्रिका ३१ ग्रॅमची होती. आठवड्याने नाशिकहून मामांचा फोन आला, पत्रिका मिळाली म्हणाले, आणि जरा संकोचून म्हणाले की पोस्टमनला दहा रुपये द्यावे लागले. नॉटपेड टपालाचा जुना नियमच तसा होता: जेवढं तिकीट कमी, त्याच्या दुप्पट घेणाऱ्याकडून वसूल. मामांनी दिले. ज्यांनी घ्यायला नकार दिला असेल, त्यांच्या पत्रिका कुठे गेल्या असतील कोण जाणे.

छापायला देण्यापूर्वी छापखान्यातून एक कोरा नमुना आणि त्याचं पाकीट मागून घ्या, अक्षतांची पुडी घाला आणि वजन करा. २० ग्रॅमच्या आत बसत असेल तर पाच रुपये, ४० च्या आत असेल तर दहा. दोनशे पत्रिकांना हा फरक हजार रुपयांचा आहे, आणि तो कागद निवडण्याच्या वेळीच ठरतो. पाकीट उघडं ठेवून वर 'बुक पोस्ट' लिहिलं की स्वस्तात जातं, हे घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं असेल. ते आज गृहीत धरू नका, खिडकीवर विचारून मगच तिकीट लावा.

राखीचंही तसंच. मोठ्या मण्यांची, खड्यांची राखी पाकीट फुगवते आणि वजनही वाढवते. चपटी राखी, हळदकुंकवाची छोटी पुडी आणि एक चिठ्ठी एवढं २० ग्रॅममध्ये सहज मावतं. दहा-बारा दिवस आधी टाकलीत तर साध्या पोस्टाने पाच रुपयांत पोचते. शेवटच्या तीन दिवसांवर आलात की मग स्पीड पोस्टाला पर्याय राहत नाही.

कुठल्या पाकिटाला काय लागतं ते ठरवा

सवयीने सगळंच रजिस्टर करायची पद्धत अनेक संस्थांमध्ये आहे. पूर्वी फरक थोडा होता म्हणून ते खपून जायचं. आता प्रत्येक पाकिटाबद्दल दोन प्रश्न विचारा. पोचल्याचा पुरावा हवा आहे का? आणि पाकीट त्याच माणसाच्या हाती पडायलाच हवं का?

दोन्हीची उत्तरं 'नाही' असतील, तर साधं टपाल. आमंत्रणं, पावत्या, शुभेच्छा, स्मरणपत्रं यातच येतात. पुरावा हवा पण घरातल्या कुणीही घेतलं तरी चालेल, तर नुसतं स्पीड पोस्ट. १३ अक्षरी क्रमांकावरून ते कुठवर पोचलं हे दिसतं. न्यायालय, वकिलाची नोटीस, सभासदत्व रद्द करण्याची नोटीस, जागेचे किंवा वारसाचे कागद इथे नोंदणी घ्याच. कायद्यात, उपविधींत किंवा करारात 'नोंदणीकृत टपालाने' असे शब्द असतील तर तिथे काटकसर करू नका. पाच रुपये वाचवून नोटीस बजावली गेली की नाही यावर वाद होणं परवडत नाही.

विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टावर १० टक्के सवलत आहे. त्या रांगेतल्या मुलाला मला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. ४७ रुपयांचं पाकीट सवलत धरून करासह ४९ रुपये ९१ पैशांना पडतं. वर्षभरात वीस अर्ज पाठवणाऱ्याचे शंभराहून जास्त रुपये वाचतात. ओळखपत्र जवळ ठेवा आणि स्वतःहून मागा. नव्याने घाऊक टपाल सुरू करणाऱ्या ग्राहकांना ५ टक्के सवलत जाहीर झाली आहे. महिन्याला बरंच टपाल जात असेल तर आपल्या पोस्टमास्तरांना जाऊन भेटा.

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी

लहान प्रकाशक, ग्रंथालयं, वाचनकट्टे यांच्यासाठी डिसेंबर २०२४ हा वाईट महिना होता. रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं आणि पुस्तक पाठवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीला भिडायला लागला. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि टप्प्याटप्प्याने वाढत ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. क्रमांकावरून मागही काढता येतो.

२८० ग्रॅमचं पुस्तक पुण्याहून नागपूरला स्पीड पोस्टाने ८२ रुपये, ज्ञान पोस्टाने २० रुपये. दोन्ही कराआधीचे दर. ज्ञान पोस्ट रस्त्याने किंवा रेल्वेने जातं, विमानाने नाही, म्हणून जास्त दिवस लागतात. पुस्तकाला एवढी घाई क्वचितच असते.

अटी नीट पाहा. छापील पुस्तक किंवा अभ्याससाहित्य हवं, त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि आत जाहिराती नकोत. नियतकालिकं यात चालत नाहीत. त्यामुळे दिवाळी अंक ज्ञान पोस्टाने पाठवता येणार नाही. तो नियतकालिकच, आणि पानोपानी जाहिराती. नोंदणीकृत नियतकालिकांना सवलतीचा वेगळा दर आहे, पण त्यासाठी प्रेस रजिस्ट्रार जनरलकडची नोंदणी आणि टपाल खात्याची परवानगी लागते. हे काम अंक छापून झाल्यावर सुरू करायचं नसतं. पुस्तकाच्या पाकिटात हाताने लिहिलेलं पत्र, पेन किंवा भेटवस्तू सरकवू नका. आवरणही हलकं ठेवा: पुस्तक २८५ ग्रॅमचं आणि पुठ्ठा ४० ग्रॅमचा, की ३०० ची रेघ ओलांडलीच.

पार्सल आणि फराळ

पार्सलला वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. येणारा आकडा किलोमधला. तो आणि खरं वजन, यात जो मोठा तो धरतात. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलो. त्यात दोन किलो चिवडा भरलात तरी पैसे ४.८ किलोचे. लाडू, शंकरपाळी भरीव असतात, ती लहान खोक्यात मावतात. चिवडा मात्र पोकळीचे पैसे खातो. खोकं पदार्थाच्या मापाचं निवडा.

परदेशी पाठवणाऱ्यांनी दराखेरीज जकातीचाही हिशेब ठेवायला हवा. अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांची करमाफी काढून घेतल्यावर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस आपल्या टपाल खात्याला तिकडचं टपाल थांबवावं लागलं आणि ते १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झालं. त्या वर्षी अनेक घरांतला फराळ वेळेवर निघालाच नाही. परदेशी पार्सल भरण्याआधी त्या देशाचे त्या आठवड्यातले नियम विचारा.

पत्ता आणि पिनकोड

परत आलेलं पाकीट म्हणजे तोच खर्च पुन्हा, म्हणून पत्त्यावर दोन मिनिटं जास्त घालवा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याकडचेच, संस्कृतचे विद्वान. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो; महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. शेवटचे तीन आकडे बटवडा करणारं पोस्ट ठरवतात, त्यामुळे शेजारच्या पेठेचा पिनकोड चुकून टाकलात तर पाकीट आधी भलत्याच पोस्टात जातं.

स्थानिक दर लागेल की बाहेरगावचा, हेही पिनकोडवरून ठरतं. दादर ते बोरिवली हे सरळ आहे. लगतच्या वेगळ्या महापालिकांच्या हद्दीचं काय, ते टपाल खात्याच्या संकेतस्थळावर दोन्ही पिनकोड आणि वजन टाकून आधीच पाहा. तिथे दिसणारी रक्कम करासह आहे की कराशिवाय, तेवढं मात्र वाचा.

पुढच्या बदलाची तयारी

दर बदलतात तेव्हा राजपत्रात अधिसूचना निघते आणि पोस्टात फलक लागतो. मोबाईलवर फिरणारे तक्ते पाहून हिशेब करू नका. अधिसूचनेत चार गोष्टी शोधा: कोणती सेवा, कोणत्या तारखेपासून, वजनाचे टप्पे तेच आहेत की सरकलेत, आणि कर धरलाय का.

आपल्याकडची तिकिटं दर्शनी किमतीची असतात. आज घेतलेलं पाच रुपयांचं तिकीट उद्या दर वाढले तरी पाचच रुपयांचं राहतं, म्हणून साठा करून वाढ टळत नाही. पण ते वायाही जात नाही, वर फरकाचं तिकीट लावून चालतं. एक आणि दोन रुपयांची थोडी तिकिटं खणात ठेवा.

आमच्या कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. वर '१ ऑक्टोबर २०२५ पासून', खाली आमच्या नेहमीच्या पत्त्यांचे करासह दर, आणि शेजारी काटा. पाकीट बंद करण्याआधी वजन करायचं, पेन्सिलीने कोपऱ्यात लिहायचं, आणि मगच डिंक लावायचा.